युटाच्या कमानींचे फोटो सपाट का येतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. एप्रिलमध्ये तीन दिवस अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब गावी मुक्काम करून तुम्ही आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन्ही नॅशनल पार्क पाहिलीत. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १६-५० मिलिमीटरची झूम लेन्स (१६ ला रुंद दृश्य, ५० ला लांबचं जवळ) आणि ट्रायपॉड एवढं सामान होतं. आठशेच्या वर फोटो काढलेत आणि घरी मोठ्या स्क्रीनवर उघडल्यावर हिरमुसलात, कारण दगडाची प्रत्येक नैसर्गिक कमान पुठ्ठ्यातून कापून आभाळावर चिकटवल्यासारखी दिसते आणि दगडाचा केशरी रंग प्लास्टिकच्या बादलीसारखा. आता ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवसांसाठी परत जाताय, या वेळी शेजारच्या ॲरिझोना राज्यातली अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळही करायची आहे, आणि त्याआधी खूप रुंद दृश्य टिपणारी अल्ट्रावाइड लेन्स घ्यावी की थेट मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम बॉडी, असा सल्ला हवाय.

दोन्ही नको. निदान या ट्रिपआधी नको. तुम्ही जोडलेल्या चार फोटोंच्या वेळा मी बघितल्या: सकाळी १०.४०, दुपारी १२.१५, २.०५ आणि ३.३०. चारही फोटोंत कमान बरोबर मधोमध आहे आणि तिच्या पोकळीत पांढुरकं निळं आभाळ, बाकी काही नाही. लेन्स बदललीत तर हेच चित्र जास्त रुंद येईल, बॉडी बदललीत तर हेच चित्र जास्त मेगापिक्सेलचं येईल. अडचण वेगळी आहे. तुम्ही कमानीचा दगड बघताय, तिची पोकळी बघत नाही. आणि तुम्ही उन्हात न्हालेला दगड शोधताय. तिकडचा खरा उजेड मात्र सावलीत सापडतो. रंगाची भानगड तिसरी, ती तांत्रिक आहे आणि सगळ्यात सोपी आहे.

पुढचं सगळं वाचताना एवढं धरून चाला की मी बहुतेक वेळा स्वच्छ, कोरड्या हवेतल्या दिवसांबद्दल बोलतोय. आभाळ भरून आलं, वारा धूळ उडवायला लागला किंवा रात्रीत बर्फ पडलं, तर यातलं अर्धं उलटं होतं. शिवाय तुम्ही किती चालू शकता, अंधारात उठायची किती तयारी आहे, बरोबरची मंडळी किती सोशिक आहेत, यावरही बरंच अवलंबून. मी गेली सतरा वर्षं तिकडे जातोय आणि अजूनही तीनातली एक पहाट फुकट जाते.

आधी पोकळी. आर्चेसमध्ये नोंद झालेल्या कमानी दोन हजारांहून जास्त आहेत. त्या तिथेच एवढ्या का झाल्या, हे समजून घेतलं तर फोटो काढताना फायदा होतो. जमिनीखाली एका जुन्या समुद्राने मागे ठेवलेला मिठाचा जाड थर आहे. वरच्या दगडांच्या ओझ्याने ते मीठ सरकलं, फुगलं, काही ठिकाणी विरघळून गेलं, आणि वरच्या वालुकाश्माला लांबच लांब समांतर भेगा पडल्या. भेगा रुंदावत गेल्या तशा मधे उभ्या पातळ भिंती उरल्या. त्या भिंतींच्या कच्च्या भागातून पाणी आणि बर्फ यांनी आरपार वाट काढली की कमान झाली. आपल्या कामाचं त्यात इतकंच: कमान ही पातळ भिंत आहे, तिला दोन बाजू आहेत, त्यातली एक बाजू जवळपास नेहमी सावलीत असते, आणि समोर बऱ्याचदा दुसरी भिंत किंवा उघड्या कातळाचा उतार असतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

पातळ भिंतीला पडलेलं भोक म्हणजे खिडकी. खिडकीचा फोटो काढताना आपण चौकट बघतो की बाहेर काय दिसतं ते? तुमच्या चारही फोटोंत बाहेर काहीच नाही, म्हणून डोळा कमानीच्या काठावर अडकतो आणि चित्र सपाट वाटतं. आर्चेसमधल्या नॉर्थ विंडो या कमानीचं उदाहरण घ्या. सगळे लोक पायवाटेने येतात आणि पश्चिमेकडून तिच्याकडे बघतात. पलीकडे नुसतं आभाळ. पण तिच्यातून पलीकडे, पूर्वेच्या बाजूला जाऊन वळून पाहिलंत तर पोकळीत टरेट आर्च बसते. कमानीत कमान. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून येतो, समोर टरेट आर्च उजळते आणि पुढची चौकटही तापल्यासारखी लाल होते. उभं राहायला जागा मात्र चिंचोळी आणि तिरपी आहे, दोन ट्रायपॉड लागले की तिसऱ्याची पंचाईत. उतरताना जड जातं, त्यामुळे पायांचा भरवसा नसेल तर हा बेत सोडून द्या.

डेलिकेट आर्चचंही तसंच. जाऊन-येऊन साधारण ५ किलोमीटर चाल, दीडशे मीटरच्या आसपास चढ, आणि शेवटी एक मोठी कातळाची बशी. तिच्या पलीकडच्या काठावर सुमारे १६ मीटर उंचीची ती एकटी कमान. लोक थेट तिच्याजवळ जातात, वाइड लेन्स लावतात आणि मागचे ला साल डोंगर बोटभर होऊन जातात. त्या डोंगरांतलं सगळ्यात उंच शिखर ३,८०० मीटरच्या वर आहे, पण १६ मिलिमीटरला ते दिसतं एखाद्या ढेकळासारखं. उलट करा. बशीच्या कडेने मागे सरका, तुमच्या १६-५० ची ५० ची बाजू लावा, आणि डोंगर पोकळीला चिकटेपर्यंत किंवा तिच्यात येईपर्यंत कडेने चालत राहा. चार पावलं डावीकडे, दोन उजवीकडे. कमान जागची हलत नाही, पण तुम्ही हललात की तिच्या मागचं सगळं जग हलतं. ऑक्टोबरअखेर त्या डोंगरांवर बर्फाची पहिली शाल असली तर नशीबच.

सगळ्याच कमानींना हे लागू पडत नाही. लँडस्केप आर्च या टोकापासून त्या टोकापर्यंत ९० मीटरहून लांब आहे आणि मधे इतकी बारीक की बघताना धास्ती वाटते. १९९१ मध्ये तिच्या खालच्या बाजूने एक मोठी लादी निखळून पडली, तेव्हापासून पुढे तिच्या खालून जाणारी वाट बंद झाली. त्यामुळे तिथे तुम्हाला फारसं हलताच येत नाही. तिथे गोष्ट पोकळीची नसून त्या बारीकपणाची आहे, मग सकाळचं तिरपं ऊन आणि मागे स्वच्छ आभाळ एवढंच पुरतं. आणि तिच्याच पलीकडची वॉल आर्च, जिचे मी दोनेक फोटो घाईत काढून 'पुढच्या वेळी नीट बघू' म्हटलं होतं, ती ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्री कोसळली. घाईत काढलेले ते दोन फोटो आता मी जपून ठेवले आहेत.

आता उजेड. यावर जरा जास्त वेळ घेतो, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते.

तुम्ही एप्रिलच्या मध्यात होतात. मोआब साधारण ३८.५ अक्षांशावर आहे, म्हणजे तेव्हा भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ६० अंशांच्या वर असतो. इतक्या उंचावरून पडणारं ऊन दगडाच्या सगळ्या खाचाखोचा पुसून टाकतं. ऑक्टोबरअखेर तोच सूर्य दुपारी ३८-४० अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे काहीही न करता तुमचे फोटो थोडे सुधारतील. पण थोडेच.

कॅन्यनलँड्समधली मेसा आर्च तुम्ही दुपारी पाहिलीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सूर्योदयाच्या तासभर आधी पोचलो होतो, आपणच पहिले असणार या खात्रीने. तिथे तेरा ट्रायपॉड आधीच लागले होते. एका गृहस्थांनी गुडघे जवळ घेऊन मला दीड फूट जागा दिली. कमान कड्याच्या अगदी टोकावर आहे, बुटकी, पलीकडे शेकडो फुटांची सरळ दरी. सूर्य डोंगरामागून वर आला, तेरा कॅमेरे कडकड वाजले, आणि पाच मिनिटांत निम्मे लोक ट्रायपॉड आवरून कॉफीच्या शोधात निघून गेले. मीही आवरायला घेतलं होतं. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ म्हणाले, थांबा, आत्ता तर कुठे पेटतेय. वर बघितलं तर कमानीची खालची बाजू, जी सूर्याकडे तोंड करून नव्हतीच, ती आतून दिवा लावल्यासारखी केशरी झाली होती.

त्याचं कारण साधं आहे. सूर्य पूर्वेकडून खालच्या कड्यावर आदळतो. तो कडा लाल दगडाचा. तिथून उजेड उसळी मारून वर येतो आणि कमानीच्या पोटावर पडतो. वालुकाश्माच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचं पातळ आवरण असतं. ते निळा-हिरवा उजेड गिळून टाकतं आणि लाल-केशरी परत पाठवतं. म्हणजे पोटावर पडतो तो उजेड एकदा गाळून आलेला असतो, आणि कमानीच्या दगडावरून कॅमेऱ्याकडे येताना तो आणखी एकदा गाळला जातो. म्हणून तो रंग सरळ उन्हातल्या दगडापेक्षा गडद आणि मऊ दिसतो. सूर्य क्षितिजावर येतो त्या क्षणापेक्षा, तो जरा वर चढून खालचा कडा जास्त उजळला की ही चकाकी वाढते. म्हणून सूर्योदयानंतर निदान अर्धा तास जागचं हलू नका.

मेसा आर्च हा या खेळाचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना, पण खेळ सगळीकडे चालू असतो. मघाशी म्हटलं ना, सावलीतल्या बाजूसमोर बऱ्याचदा दुसरी भिंत असते. ती भिंत उन्हात असेल तर तोच तुमचा दिवा. मी खिशात पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद ठेवतो. सावलीत उभं राहून कागद हातभर पुढे धरायचा आणि हळूहळू गोल फिरायचं. एका दिशेला तो निळसर दिसेल: तिकडून उघड्या आभाळाचा उजेड येतोय. फिरत राहिलात की एका जागी कागद एकदम पिवळट-केशरी होईल. त्या दिशेला वर-खाली बघा, उन्हात असलेला एखादा कातळ हमखास सापडेल. आता त्या कातळाकडे पाठ करा आणि त्याच्यासमोर सावलीत काय आहे ते बघा. फोटो तिथे आहे. भर दुपारी दोन वाजतासुद्धा. डबल आर्चच्या खाली उभं राहून मी निम्मे चांगले फोटो दुपारीच काढलेत: छताचा दगड सावलीत, खालच्या कातळाच्या उतारावर ऊन, आणि ते ऊन परत वर.

हा कागदाचा प्रयोग मी शिकवायला घेतो तेव्हा लोक हसतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात हॉटेलच्या लेटरपॅडचं पान असतं.

मेसा आर्चवर एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याचा, प्रश्न येतो, तो इथेच सांगून टाकतो. पोकळीत उगवतीचं आभाळ आणि पुढे सावलीतला दगड, यातला फरक मोठा असतो. ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वरचा भाग काळसर असलेली काच) इथे उपयोगाचा नाही, कारण उजळ भाग मधे आहे आणि काळोखा दगड वर; फिल्टरने कमानीचा माथा आणखी काळा होतो. माझ्या त्या पहिल्या पहाटेचे सगळे फोटो असेच डोक्यावर काजळी आल्यासारखे आहेत. ट्रायपॉडवर तीन फोटो घ्या, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि घरी जोडा. सूर्याची किरणं ताऱ्यासारखी हवी असतील तर ॲपर्चर (लेन्समधलं भोक) बारीक, एफ/१६, आणि सूर्य दगडाच्या काठाआडून जेमतेम डोकावत असताना. बाकी वेळी एफ/८ भरपूर झालं. तुमच्या १६ मिलिमीटरला एफ/८ वर साधारण १.६ मीटरवर फोकस केलंत की पाऊण-एक मीटरपासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. मी तरी थोडं पुढेच, दोन-अडीच मीटरवर ठेवतो. डोंगर मऊ आलेले मला खपत नाहीत.

आता तुमची प्लास्टिकची बादली. तुम्ही लिहिलंय, 'हिस्टोग्राम तर मधेच होता, काही उडालं नव्हतं.' हिस्टोग्राम म्हणजे फोटोत काळोखापासून उजेडापर्यंत काय किती आहे त्याचा आलेख. तुमचा खोटं बोलत होता, म्हणजे तुम्ही चुकीचा बघत होतात. कॅमेरा सवयीने जो एक पांढरा आलेख दाखवतो तो एकूण उजळपणाचा, आणि त्यात हिरव्याचं वजन जास्त असतं. लाल दगडात हिरवा-निळा कमी आणि लाल भरपूर. त्यामुळे एकूण आलेख निवांत मधे बसलेला असताना एकटा लाल चॅनेल (फक्त लाल रंगाचा आलेख) उजव्या भिंतीवर आपटलेला असतो. लाल एकदा कमाल पातळीला टेकला की दगडातल्या थरांचे, कणांचे, बारीक भेगांचे फरक त्या चॅनेलमधून जातात आणि उरतो एक सपाट केशरी लेप. तुम्हाला प्लास्टिक दिसतंय ते हेच. मेनूत जाऊन तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्राम चालू करा आणि फक्त लालकडे बघा. उन्हातल्या दगडावर बहुतेकदा दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली यावं लागतं.

त्यातही एक मेख आहे. तो आलेख कॅमेरा आतल्या जेपेगवरून, म्हणजे स्वतः रंगवून तयार केलेल्या चित्रावरून काढतो. तुमचं पिक्चर प्रोफाइल 'विविड' किंवा 'लँडस्केप'वर असेल, आणि तुमच्या फोटोंवरून ते तसंच वाटतं, तर तो लाल आणखी फुगवून दाखवतो. न्यूट्रलवर ठेवा. पाठीमागच्या स्क्रीनवर फोटो फिकट दिसेल, दिसू दे. रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवर, त्याचा काही परिणाम नाही, पण आलेख सत्याच्या जास्त जवळ येतो.

दुसरी मेख व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेरा फोटोचे रंग जुळवतो त्याची. ऑटोवर ठेवलात की कॅमेऱ्याला वाटतं, सगळंच केशरी म्हणजे उजेडाचा दोष आहे, आणि तो निळा ओतून 'दुरुस्ती' करतो. मग घरी तुम्ही सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ओढून तो रंग परत आणायला जाता आणि बादली तयार. ५,२००-५,५०० केल्विनच्या आसपास, डेलाइटवर, कायमचं लावून टाका. सावलीतल्या घडीत एका बाजूला उसळून आलेला केशरी आणि दुसऱ्या बाजूला आभाळाचा निळा, यांची जिथे गाठ पडते तिथे जांभळी झाक येते. ती चूक समजून पुसू नका. तो तिथला खराखुरा रंग आहे, आणि केशरीला केशरीपण त्या जांभळ्यामुळेच येतं. रंग वाढवायचाच असेल तर सॅच्युरेशनला हात न लावता केशरीचा उजळपणा थोडा उतरवून बघा.

अँटिलोप कॅन्यनबद्दल. ही घळ पेज गावाजवळ, नवाहो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, त्यामुळे त्यांच्या गाइडशिवाय आत जाता येत नाही. वर फटीतून खाली पडणारे उजेडाचे झोत, ज्यांच्यासाठी सगळे वेडे होतात, ते अप्पर अँटिलोपमध्ये साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुपारच्या सुमाराला. तुम्ही जाल तेव्हा सूर्य तेवढा वर चढत नाही. म्हणून झोतांसाठी जादा पैसे मोजू नका. मला स्वतःला झोत नसलेले महिने जास्त आवडतात. झोताचा फोटो काढताना गाइड वाळू उधळतो, चाळीस जण एकमेकांच्या खांद्यावरून कॅमेरे धरतात, आणि मागची भिंत, जिच्यावर उजेड पाच-सहा वेळा उसळून खाली उतरतोय, तिच्याकडे कुणी बघत नाही. वर पिवळी, मधे केशरी, पायाशी जांभळी. मघाचं गाळणीचं गणित इथे तुम्हाला भिंतीवर वरून खाली लिहिलेलं दिसेल.

तिथे दोन पथ्यं. एक, आभाळाची फट फ्रेममध्ये घेऊ नका. तो पांढरा तुकडा सगळं चित्र खाऊन टाकतो. दोन, आत लेन्स बदलू नका. वरून सतत बारीक वाळू झरत असते, ती तुमच्या सेन्सरवर मुक्कामाला येते. ट्रायपॉड आता आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० वर न्या, भिंतीला पाठ टेका, श्वास रोखा, १/३० सेकंदापर्यंत निभतं. थोडा ग्रेन (दाणेदारपणा) आला तर वालुकाश्मात खपून जातो.

घड्याळाचं मात्र लिहून ठेवा. ऑक्टोबरमध्ये युटा डेलाइट सेव्हिंगवर (घड्याळ तासभर पुढे) असतं, ॲरिझोना ते पाळतच नाही, आणि ॲरिझोनाच्या पोटातलं नवाहो नेशन, म्हणजे नवाहो लोकांचा प्रदेश, पाळतं. अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेने, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. फोन मात्र जवळच्या टॉवरप्रमाणे वेळ बदलत राहतो. मी एकदा तासभर आधी पोचून उन्हात बसलो, तो चांगला प्रकार. उशिरा पोचलेल्यांना बुकिंग सोडून द्यावं लागलेलंही पाहिलंय. टूरवाल्यांना आदल्या दिवशी फोन करून 'तुमच्या घड्याळात आत्ता किती वाजले' एवढं विचारा.

आणि पाऊस. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये पाण्याचा लोंढा आला आणि अकरा पर्यटक गेले. घळीवर तेव्हा फारसा पाऊस नव्हता. वादळ वरच्या अंगाला, मैलोगणती दूर झालं होतं. असला उघडा कातळ पाणी पीत नाही, ते सगळं अरुंद घळीत येतं. गाइड टूर रद्द करतो म्हणाला तर हुज्जत घालू नका. बाकीच्या, गाइडशिवाय जाता येणाऱ्या घळींत तर निर्णय तुमचाच असतो, म्हणून नुसत्या डोक्यावरच्या आभाळावर जाऊ नका, वरच्या पाणलोटाचा अंदाजही बघा.

मोठ्या दऱ्यांचं थोडक्यात आटपतो, कारण तुम्ही विचारलंत ते एका ओळीतच. मोआबजवळच्या डेड हॉर्स पॉइंट या कड्यावरचा फोटो धुरकट आणि लांब वाटतो, बरोबर. तिथे नदी सुमारे ६०० मीटर खाली आहे. एवढ्या हवेतून बघताना निळसर पडदा येणारच. सगळी दरी एका फ्रेममध्ये कोंबायचा मोह सोडा. सूर्य बाजूला आणि खाली असताना लांब लेन्सने तीन-चार कड्यांच्या रांगा उचला, एक उन्हात, एक सावलीत, एक उन्हात. तोच पडदा मग खोली दाखवायच्या कामी येतो. घ्यायचीच असेल तर लेन्स ही घ्या: एखादी जुनी ५५-२०० किंवा ७०-३००. अल्ट्रावाइडच्या तुलनेत किरकोळ पैशांत सेकंडहँड मिळते, आणि डेलिकेट आर्चलाही कामी येईल.

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) तुमच्याकडे आहे असं म्हणालात. आभाळ गडद करायला वाइडवर लावलात की आभाळाच्या मधोमध निळा डाग पडतो, म्हणून तसा वापरू नका. कड्यांवर काळपट चकचकीत ओघळ दिसतात ना, त्यांची चमक उतरवायला आणि ओल्या दगडाचा रंग खुलवायला मात्र तो उत्तम.

नियमांचं शेवटी सांगतो म्हणून कमी महत्त्वाचे समजू नका. नावाजलेल्या कमानींवर चढायला बंदी आहे. ड्रोनला सगळ्या नॅशनल पार्कमध्ये मनाई. रात्री टॉर्च मारून कमान उजळवणं या दोन पार्कमध्ये चालत नाही, त्यामुळे तुम्हाला आकाशगंगेसह कमान हवी असेल तर अर्धा चंद्र असलेली रात्र निवडा; तो दगडाला पुरेसा उजेड देतो. आर्चेसमध्ये गेली काही वर्षं ठरावीक महिन्यांत प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागायची. हे दरवर्षी बदलतं, तिकीट काढण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आणि वाटेवरून उतरताना मातीवर काळपट, खडबडीत खपली दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका. ती जिवंत आहे, वाळवंटाची माती तीच धरून ठेवते, आणि एका बुटाच्या ठशाने मोडलेली खपली भरून यायला कित्येक वर्षं जातात. चांगला अँगल नेमका खपलीच्या पलीकडे असतो, हे मलाही माहीत आहे. कातळावरून किंवा ओढ्याच्या वाळूतून जायची वाट शोधायची, नाहीतर तो अँगल सोडायचा.

तुमच्या पाच दिवसांचं मी असं करीन. पहिल्या संध्याकाळी कॅमेरा न काढता फक्त डेलिकेट आर्चची बशी फिरून यायची, परतीच्या अंधारासाठी हेडलँप घेऊन. दुसऱ्या पहाटे मेसा आर्च, नऊपर्यंत तिथेच. दुपारी डबल आर्च आणि कागद. तिसऱ्या सकाळी नॉर्थ विंडो, संध्याकाळी पुन्हा डेलिकेट, या वेळी कॅमेऱ्यासकट. चौथा दिवस पेजपर्यंतच्या गाडीत जाईल. पाचवा अँटिलोप.

जाण्याआधी एक गृहपाठ. एप्रिलच्या रॉ फाइल्स उडवल्या नसतील तर त्यातली १०.४० ची उघडा. प्रोफाइल न्यूट्रल करा, व्हाइट बॅलन्स ५,३०० करा, एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली घ्या आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, सावलीत गेलेल्या त्या भिंतीवर झूम करा. मला तुमच्या छोट्या जेपेगमध्येही तिच्यावर केशरी झाक दिसतेय. म्हणजे तुमच्या पाठीमागे तेव्हा काहीतरी उन्हात होतं.